पासबुकाच्या पहिल्या पानावरची तारीख

पिंपरी कॅम्पातल्या बाजारात कापडचोपड घ्यायला मावळातून, खेडमधून माणसं येतात. गल्ल्यावर बसलेला सिंधी दुकानदार त्यांच्याशी अस्खलित मराठीत भाव करतो. पण त्याच दुकानात मागे गठ्ठे सोडणारा पोरगा पुष्कळदा अजून पाकिस्तानचा नागरिक असतो, हे गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नाही. मालकाचे आजोबा फाळणीनंतर इथल्या निर्वासित छावणीत आले. पोराचे आईवडील त्यानंतर कितीतरी वर्षांनी सक्करहून किंवा घोटकीहून पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेऊन आले आणि राहिले. दोघांची बोली तीच, दैवत झुलेलालही तोच.

मी टपाल खात्यात, बचत खात्यांच्या खिडकीवर नोकरी केली. निवृत्तीनंतर या मागाहून आलेल्या कुटुंबांचे अर्ज भरून देते. बायका मला दीदी म्हणतात. त्यांना जे समजावते ते इथे लिहिण्याचं कारण असं, की या लोकांना लागणारे निम्मे पुरावे आपल्यासारख्यांच्या हातून तयार होतात. घरमालक, शाळेतले लेखनिक, नगरसेवक, चाकणचा मजूर ठेकेदार, यांनी एक कागद नीट दिला की कुणाचं तरी आयुष्य मार्गी लागतं.

सगळ्यांत आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, सगळे म्हणतात ती एलटीव्ही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना ती मिळू शकते. अर्ज ऑनलाइन असतो. २०१६पासून एलटीव्हीधारकांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःला राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा आहे. घोटाळा इथेच होतो. आधार हातात आलं की माणसाला वाटतं, झालो भारतीय. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही. एलटीव्हीची मुदत उलटू देणं तर त्याहून वाईट. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणारा परदेशी १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित ठरू शकतो, आणि नेहमीच्या मार्गाने नागरिकत्व मागण्याची दारं त्याला बंद होतात. म्हणून मुदत संपण्याची तारीख मी प्रत्येक घरात कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायला लावते.

या तारखेची किंमत एप्रिल २०२५मध्ये सगळ्यांना कळली. २२ तारखेला पहलगामचा हल्ला झाला आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची घोषणा आली. त्या आठवड्यात माझ्या घरी चपलांचा ढीग असे. हिंदूंना आधीच दिलेल्या एलटीव्हीला ती घोषणा लागू नाही, हे सरकारने लगेच स्पष्ट केलं होतं. तरीही आपला कागद स्वतःच्या डोळ्यांनी तपासून झाल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

नागरिकत्वाचा अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा, हे ठरवण्याआधी मी विचारते, ‘तुमच्या आईवडिलांचा जन्म कधीचा?’ अर्जदार स्वतः किंवा त्याचे आई-वडील यांपैकी कुणीही अविभाजित भारतात जन्मलेलं असेल, तर तो भारतीय वंशाचा धरला जातो. त्याला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कलम ५खाली नोंदणी मागता येते. म्हणजे १९४२ साली शिकारपूरला जन्मलेल्या बापाचा जीर्ण दाखला मुलाला सोन्यासारखा. पण आता येणाऱ्या तरुणांचे आईवडीलही फाळणीनंतरचे. त्यांना कलम ६चा लांबचा रस्ता उरतो: चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं भारतात आणि त्यानंतरचे सलग बारा महिने. डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने हे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यांत पुण्याचे होते, त्यामुळे दिल्लीकडे डोळे लावून बसणं कमी झालं.

तिसरा रस्ता नागरिकत्व सुधारणा कायद्याचा, म्हणजे सीएएचा. कायदा २०१९चा, नियम ११ मार्च २०२४चे. वर सांगितलेल्या सहा धर्मांचे लोक ३१ डिसेंबर २०१४पर्यंत भारतात आले असतील, तर त्यांना अकराऐवजी पाच वर्षं पुरतात. हल्ली ‘३१ डिसेंबर २०२४’ अशीही एक तारीख कानावर येते. ती वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नका. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. छळामुळे त्या तारखेपर्यंत पळून आलेल्या या समाजांतल्या लोकांना कागद नसल्याबद्दल त्या कायद्याखाली शिक्षा होऊ नये, एवढ्यापुरती ती सवलत आहे. तिने नागरिकत्व मिळत नाही. नागरिकत्वाची तारीख २०१४चीच. या गैरसमजावर पैसे उकळणारे एजंट फिरताहेत, म्हणून हे ठासून सांगते.

सीएएच्या नियमांत मला सगळ्यांत भावला तो पुराव्यांचा भाग. तुम्ही पाकिस्तानातले, हे दाखवायला मुदत संपलेला पासपोर्ट चालतो, शाळेचा दाखला चालतो, आजोबांच्या जमिनीचा कागदही चालतो. २०१४ सरण्याआधी तुम्ही भारतात होतात, हे दाखवायला शिधापत्रिका, वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधीची नोंद, मुलाचा इथल्या शाळेचा दाखला, निवडून आलेल्या लोकप्रतिनिधीचं प्रमाणपत्र, आणि बँकेची किंवा टपाल खात्याची नोंद. म्हणजे महिना शंभर रुपयांच्या आवर्ती ठेवीचं पासबुक! पहिल्या पानावरची तारीख आणि गोल शिक्का, बस्स. नोकरीत असताना असे शिक्के मी रोज मारत होते. म्हणून जुनं पासबुक, जुनं बिल टाकू नका, असं मी जीव तोडून सांगते. घरमालकांनाही माझी विनंती आहे. भाडेकरार तोंडी ठेवू नका, तो नोंदवा आणि भाडेकरूची माहिती पोलिसांत द्या. भाडं परवडतं म्हणून कुटुंब पिंपरीतून चाकणला गेलं, तर नवा पत्ता कळवलाच पाहिजे. २०१८पासून दोन्ही ठिकाणं पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयातच आहेत, तरीसुद्धा.

नावाच्या स्पेलिंगने सर्वाधिक अर्ज रखडतात. तिकडच्या कागदांवर नाव उर्दूत, पासपोर्टवर इंग्रजीत, इथल्या शाळेत मराठीत. एका ठिकाणी ‘जयराम’ एक शब्द, दुसरीकडे दोन. त्यात आपल्या शाळा बापाचं नाव मधे घालतात, पासपोर्टवर ते नसतं. शाळेतल्या लेखनिकांनी एवढंच करावं, प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट मागावा आणि त्यातलं नाव अक्षर न बदलता उतरवावं. वेगवेगळी नावं आधीच पडली असतील तर ती एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्ज करण्यापूर्वी तयार ठेवा.

भाषेची भीती मात्र सोडून द्या. नागरिकत्वासाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते, आणि सिंधी त्या अनुसूचीत १९६७पासून आहे.

सीएएखालचा अर्ज भरला की जिल्हा समिती मूळ कागद तपासते आणि निष्ठेची शपथ देते. या समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात, याचा मला आनंद आहे. बोलावलेल्या दिवशी स्वतः जावं लागतं. पाकिस्तानचं नागरिकत्व सोडत असल्याची घोषणा अर्जातच असते, त्यासाठी त्यांच्या वकिलातीचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. अंतिम निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते.

मुलांचं बहुतेक घरांत राहून जातं. यशवंतराव चव्हाण रुग्णालयात जन्मलं, महापालिकेचा जन्मदाखला आहे, मग भारतीयच की, असं आई म्हणते. तसं नाही. ३ डिसेंबर २००४नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक परदेशी असतील, तर ते जन्माने भारतीय होत नाही. त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि आईबापांना प्रमाणपत्र मिळालं की अल्पवयीन मुलाचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. तो त्याच महिन्यात करा. नंतर मोठ्यांच्या मतदारयादीसाठी नमुना ६, मग पासपोर्ट. दोन्हीकडे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत लागते. मूळ प्रमाणपत्र मात्र कोणत्याही कचेरीत ठेवून येऊ नका.