विद्यार्थ्याचा निवास-परवाना : जर्मनीतील विधिव्यवस्थेचे विवेचन

उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी सर्वांचे लक्ष व्हिसा या एका गोष्टीकडे लागलेले असते. मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडून व्हिसा लागून पारपत्र परत आले, की कार्य सिद्धीस गेले असे मानण्यात येते. कायद्याच्या दृष्टीने पाहता हा समज अपुरा आहे. हा व्हिसा तीन महिन्यांपासून फार तर एका वर्षापर्यंतचा असतो. अभ्यासक्रम त्याहून बराच दीर्घ असतो. उरलेल्या काळासाठी जो अधिकार लागतो तो निवास-परवान्याने मिळतो, आणि त्यासाठी अर्ज जर्मनीत पोहोचल्यावर स्वतंत्रपणे करावयाचा असतो.

या दोहोंचा निर्णय करणारी कार्यालयेही भिन्न आहेत. व्हिसा परराष्ट्र खात्याच्या अधीन असलेला दूतावास देतो. निवास-परवाना मात्र विद्यार्थी ज्या नगरात वा जिल्ह्यात राहतो तेथील परकीय नागरिक कार्यालय देते. १ जानेवारी २००५ रोजी अंमलात आलेला निवासविषयक कायदा साऱ्या संघराज्यास एकच आहे. त्याची अंमलबजावणी घटकराज्यांकडे व त्यांच्या स्थानिक कार्यालयांकडे आहे. म्हणूनच कायदा तोच असूनही एका नगरात अर्ज टपालाने घेतात, दुसऱ्यात संगणकावरून, आणि तिसऱ्यात भेटीची वेळ मिळण्यासच महिने लोटतात. पूर्वी गेलेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबणारा विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो, कारण तो मित्र बहुधा दुसऱ्या नगरातला असतो.

परवान्याच्या अटी कायद्याच्या कलम १६ब मध्ये व सामान्य तरतुदींत आहेत : विद्यापीठातील प्रवेश, वैध पारपत्र, आरोग्यविमा आणि निर्वाहाची खात्री. निर्वाहाचा प्रश्न बहुतेक भारतीय विद्यार्थी गोठविलेल्या खात्याने सोडवितात. १ सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावे लागू लागले. ही रक्कम तेथील विद्यार्थी-साहाय्य कायद्यातील दराशी निगडित असल्याने वेळोवेळी बदलते. पैसे आपलेच असले तरी ते एकरकमी काढता येत नाहीत; ठरलेला मासिक हप्ताच हाती पडतो. वर्ष संपता संपता खाते रिकामे होते, आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी निर्वाहाची खात्री पुन्हा नव्याने द्यावी लागते. कर्ज काढून पहिल्याच वर्षाची तरतूद करणाऱ्या कुटुंबाने हे आधीच हिशेबात धरावयास हवे. भारतीय पदव्यांची पडताळणी करणाऱ्या, नवी दिल्ली येथील संस्थेचा दाखला १ नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक झाला आहे. तो मात्र व्हिसाच्याच टप्प्यावर लागतो.

प्रत्यक्षात सर्वाधिक अडचण येते ती पत्त्याची. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नोंदणी करण्याचे बंधन प्रत्येक रहिवाशावर, मग तो जर्मन असो वा परकीय, आहे. या नोंदणीस घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि कोणत्या परकीय नागरिक कार्यालयाकडे अर्ज करावयाचा हे याच पत्त्यावरून ठरते. म्युनिकसारख्या नगरांत खोली मिळणे दुष्कर असल्याने ‘राहा, पण नोंदणी करू नका’ या बोलीवर खोली देणारे भेटतात. भाडे कमी असले तरी अशी खोली विद्यार्थ्यास निरुपयोगी होय. डोक्यावर छप्पर येते, पण परवान्याचा मार्ग तेथेच खुंटतो.

आता मुख्य प्रश्न. कार्यालयातील भेटीची वेळ मिळण्यापूर्वीच व्हिसाची मुदत संपली तर काय? याचे उत्तर कलम ८१, उपकलम ४ मध्ये आहे. मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झाला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना अधिकारच चालू आहे असे कायदा मानून चालतो. समजा, व्हिसा ३१ डिसेंबरपर्यंत आहे, अर्ज २० डिसेंबरला केला आणि भेट फेब्रुवारीत मिळाली. जानेवारीतील वास्तव्य पूर्णपणे विधिवत् ठरते. तोच अर्ज ५ जानेवारीला केला, तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. अवाजवी त्रास टाळण्यासाठी ते देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. येथे निर्णायक असते ती अर्जाची तारीख, भेटीची नव्हे. म्हणून अर्ज पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवणे अगत्याचे आहे.

या स्थितीचा एक लेखी दाखलाही मिळतो. जर्मन विधिज्ञांनी त्याच्या नावात ‘कल्पित’ या अर्थाचा शब्द योजिला आहे. आपल्याकडील ‘विधिकल्पना’ तीच. या दाखल्यावर कोणत्या उपकलमाची खूण केली आहे हे पाहून घ्यावे. चौथ्या उपकलमाची खूण असेल तर जुन्या परवान्यासह मायदेशी जाऊन परत येता येते. तिसऱ्या उपकलमाची असेल तर जर्मनीत राहता येते, पण बाहेर पडल्यास त्या कागदावर पुनःप्रवेश मिळत नाही. घरच्या लग्नकार्यासाठी तिकीट काढण्यापूर्वी ही एक खूण पाहणे पुरेसे आहे.

परवाना सामान्यतः किमान एक वर्षाचा असतो व दोन वर्षांहून अधिक नसावा असा संकेत कायद्यातच आहे. १ मार्च २०२४ पासून परवानाधारकास वर्षाकाठी १४० पूर्ण वा २८० अर्धे दिवस नोकरी करण्याची मुभा आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास, कार्यालयाकडून आधी मुदत वाढवून घेतली नसेल तर, परवाना रद्द होतो. नूतनीकरणाच्या वेळी अभ्यासक्रम वाजवी काळात पुरा होईल की नाही हेही पाहिले जाते. वारंवार नापास होणाऱ्यास ही अट जाचक ठरते. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निराळा परवाना मिळू शकतो. त्याचाही अर्ज हातातील परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच द्यावयाचा असतो.