गॅलिशिया
पूर्वीच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील एक प्रांत. क्षेत्रफळ सु. ७८,५०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ८० लाख (१९१०). राजधानी लेम्बर्ग (सांप्रतचे लव्हीव्ह). कार्पेथियन पर्वताच्या उत्तरेस पसरलेल्या या प्रांताचा पश्चिम भाग आता पोलंडमध्ये व पूर्व भाग युक्रेनमध्ये मोडतो. स्पेनमधील याच नावाच्या प्रदेशाशी त्याचा संबंध नाही.

पोलंडच्या पहिल्या फाळणीत (१७७२) माराया टेरीसा हिने हा प्रदेश मिळविला. मध्ययुगीन हालिच राज्यावर हंगेरीच्या राजांनी सांगितलेला जुना हक्क त्यासाठी पुढे करण्यात आला. गॅलिशिया हे हालिचचेच लॅटिन रूप होय. नाव पुरातन असले, तरी प्रांत मात्र नव्यानेच जुळविलेला होता. सान नदीच्या पश्चिमेस रोमन कॅथलिक पोलिश लोक, तर पूर्वेस ग्रीक कॅथलिक रूथीनियन (युक्रेनियन) लोक बहुसंख्य होते. पूर्वेकडेही जमीनदार बहुतेक पोलिशच होते. शहरांतून ज्यूंची मोठी वस्ती होती.

दुसऱ्या जोसेफने वेठबिगारीस मर्यादा घातल्यापासून शेतकऱ्यांना सम्राट हाच आपला त्राता वाटू लागला. १८४६ मध्ये पोलिश सरदारांनी स्वातंत्र्यासाठी उठाव केला, तेव्हा तार्नूफ परिसरातील पोलिश भाषक शेतकरीच त्यांच्यावर तुटून पडले व सु. १,००० लोक मारले गेले. समान भाषेपेक्षा वेठीची आठवण प्रबळ ठरली. त्याच वर्षी क्रॅको शहर प्रांतात विलीन झाले. भूदासपद्धती १८४८ मध्ये रद्द झाली.

१८६७ नंतर प्रांतास विस्तृत स्वायत्तता लाभली. कचेऱ्या, न्यायालये व विद्यापीठे यांतून पोलिश भाषा रूढ झाली. युक्रेनियनांस मात्र ही स्वायत्तता म्हणजे जमीनदारांचेच राज्य वाटे. १९०८ मध्ये एका युक्रेनियन विद्यार्थ्याने राज्यपाल पोटोत्स्की याचा खून केला. तथापि रशियात युक्रेनियन ग्रंथांवर बंदी (१८७६) असता येथे ते छापता येत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. इतिहासकार ह्रुशेव्हस्की १८९४ मध्ये कीव्हहून लेम्बर्ग विद्यापीठात आला. बॉरिस्लाव्ह येथील खनिज तेलाच्या उत्पादनात १९०९ मध्ये गॅलिशियाचा जगात तिसरा क्रमांक होता. तरीही तुकड्या-तुकड्यांच्या शेतीमुळे दारिद्र्य हटले नाही व लाखो लोक अमेरिकेस गेले.

साम्राज्य कोसळताच १९१८ मध्ये लेम्बर्गसाठी पोलिश व युक्रेनियन यांच्यात युद्ध जुंपले. त्यात पोलंड विजयी झाला (१९१९) व १९२३ मध्ये त्याच्या ताब्यास दोस्त राष्ट्रांनी मान्यता दिली. पूर्व भाग १९३९ मध्ये सोव्हिएट रशियाने घेतला. जर्मन अंमलात बहुतेक सर्व ज्यूंची कत्तल झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सीमा नव्याने आखली गेल्यावर पूर्वेकडील बहुतेक पोलिश लोकांना पश्चिमेकडे हलविण्यात आले.