पंढरीच्या गल्ल्या आणि जीर्णोद्धाराचा धर्म

आषाढ शुद्ध दशमीच्या सायंकाळी वाखरीकडून पालख्या पंढरीत प्रवेश करू लागल्या म्हणजे हे गाव आपले रोजचे रूप टाकून देते. एरव्ही सुमारे एक लाख वस्तीचे हे तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९८,९२३ भरली होती. त्याच गावात एकादशीस लक्षावधी माणसे उतरतात आणि त्यांतील प्रत्येकाला महाद्वार, चंद्रभागा, भक्तराज पुंडलिकाचे मंदिर आणि प्रदक्षिणामार्ग ही चारही स्थाने गाठावयाची असतात. ही स्थाने ज्या जुन्या गावठाणात आहेत ते नदीकाठी दाटीवाटीने वसलेले आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा तेथील कित्येक गल्ल्या आहेत. या गावठाणाचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न गेली काही वर्षे पंढरीच्या ओसरीओसरीवर चर्चिला जात आहे. माझे घरही प्रदक्षिणामार्गाच्या आतल्या बाजूस आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. वाचकांनी पुढील मजकूर त्या भानाने वाचावा.

काशीच्या विश्वनाथ मंदिराभोवतीच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये झाली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेण्यात आल्या. घरांच्या भिंतींत दडलेली चाळीसहून अधिक लहानमोठी देवळे त्या वेळी उजेडात आली, तर लाहोरी टोल्यासारखी जुनी वस्ती नकाशावरून गेली. गंगेच्या घाटावरून थेट विश्वनाथापर्यंत आता मोकळ्या जागेतून चालत जाता येते. त्याच धर्तीवर पंढरपुरातही मंदिर-परिसर मोकळा करावा, अशी योजना २०२२ मध्ये पुढे आली. 'कॉरिडॉर' हा शब्द तेव्हापासून आमच्या गावच्या बोलीत असा काही रुळला की चुरमुऱ्यांच्या दुकानावरची आजीदेखील तो बिनचूक उच्चारते. व्यापाऱ्यांनी व रहिवाशांनी विरोध केला, सभा झाल्या. बाधित होणाऱ्या लोकांशी शासनाच्या वतीने बोलणीही झाली.

विरोध करणाऱ्यांना केवळ आपल्या जागेचा लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गावठाणात सारे काही ठीक आहे असे म्हणणेही तितकेच खोटे आहे. एकादशीच्या दिवशी एखाद्या वृद्धाला भोवळ आली तर त्याला खांद्यावर घेऊनच बाहेर काढावे लागते. स्वच्छतागृहांची उणीव आणि नदीची कळा यांबद्दल तर वारकऱ्यांपुढे मान वर करून बोलण्याची सोय नाही. आणि नवे ते भक्कमच असते असेही नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी अतिवृष्टीत कुंभार घाटाची नवी भिंत कोसळली आणि सहा जीव गेले. त्या भिंतीच्या आडोशाला ते पावसापासून बचाव करावयास उभे होते.

मग शास्त्र काय सांगते? कीर्तनकाराने पूर्वरंगात शास्त्राधार द्यावा ही आमची रीत, म्हणून थोडे विषयांतर करतो. अग्निपुराणात जीर्णोद्धारविधीवर स्वतंत्र अध्याय आहे. भंगलेली, झिजलेली मूर्ती विधिपूर्वक दूर करावी आणि तिच्या जागी पूर्वीच्याच मापाची व पूर्वीच्याच द्रव्याची मूर्ती स्थापावी, असे तेथे सांगितले आहे. दगडाची होती तर दगडाचीच, वीतभर होती तर वीतभरच. त्याच अध्यायाच्या शेवटी विहीर, बारव, तळे यांच्या जीर्णोद्धाराचेही मोठे फळ सांगितले आहे. म्हणजे ही कल्पना गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थांबत नाही. लोक जेथे पाणी पितात, टेकतात, उतरतात तेथपर्यंत ती पोचते. 'उद्धार' या शब्दाचा मूळ अर्थ वर काढणे असा आहे. उपटून टाकणे हा अर्थही त्याच धातूतून निघतो, हा संस्कृत भाषेचा मिस्किलपणा म्हणावयाचा.

या विधीचा एक उत्तम वस्तुपाठ आपण नुकताच पाहिला. १५ मार्च २०२४ पासून श्रीविठ्ठलाचे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या संवर्धनाचे काम हाती घेण्यात आले आणि २ जूनपासून ते दर्शन पुन्हा सुरू झाले. त्या काळात गाभाऱ्यावरची चांदी उतरली, मागाहून बसविलेल्या फरशा निघाल्या, रंगांचे थर खरवडले गेले आणि आत दडलेला काळा पाषाण पुन्हा दिसू लागला. मे महिन्याच्या अखेरीस देवळात एक तळघर सापडले. त्यातून काही जुन्या मूर्ती व नाणी निघाली. नवे काही चढविले नव्हते. वर चढलेले उतरविले, एवढेच. तरीही प्रथम आत गेलो तेव्हा, इतकी वर्षे आपण हे देऊळ पाहिलेच नव्हते की काय, असे मला वाटले.

याच देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी भाविकांची समजूत. त्यामुळे अक्षरे पार झिजून गेली आहेत. वस्तुतः तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळातला देणगीदारांचा लेख आहे. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि त्यांच्याच बरोबरीने साधी, आज कोणालाही ओळखू न येणारी माणसेही आहेत. राजाचे नाव ज्या शिळेवर, त्याच शिळेवर सामान्य दात्याचेही. साडेसातशे वर्षांपूर्वी या क्षेत्राची उभारणी झाली ती अशी, नावनिशीवार. आजच्या योजनेची कागदपत्रे मी जेव्हा वाचावयास घेतो तेव्हा माझी नजर या नावांचाच शोध घेत असते. घरमालकाचे नाव सापडते, कारण त्याच्यापाशी उतारा असतो. त्याच्या ओसरीवर वर्षानुवर्षे बुक्का आणि अष्टगंध विकणाऱ्या बाईचे नाव कोठे आहे? तुळशीमाळा करणाऱ्या काशीकापडी कुटुंबांचे, पखवाजाला शाई भरणाऱ्याचे, पोटभाडेकरूचे?

गर्दीवाचून हे गाव कसे दिसते ते आम्ही एकदा पाहिले आहे. २०२० साली संतांच्या पादुका एस. टी. बसने आल्या आणि संचारबंदीत एकादशी पार पडली. महाद्वारात उभे राहून नदीपर्यंत पाहिले तर मधे एक माणूस नव्हता. तेवढा मोकळेपणा मला पुन्हा पहावयाचा नाही.

मंदिराचे दरवाजे रुंद करण्याचे काम याआधीही झाले आहे, पण ते निराळ्या अर्थाने. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले आणि हरिजनांना हे देऊळ खुले झाले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले. त्या दोन्ही वेळी गाव बुडेल असे म्हणणारे होतेच. म्हणून बदलाचे नाव काढताच कानांवर हात ठेवणे मला मान्य नाही. रस्ता हवा, तेथे रुग्णवाहिका शिरली पाहिजे. काही घरे जातील, कदाचित त्यांत माझेही असेल. मात्र कोणते घर जाणार हे ठरविण्यापूर्वी त्या घरात वारीला कोण उतरते याचीही नोंद झाली पाहिजे. मालकी आणि भाडे यांच्या रकान्यांत ती बसत नाही. दिंडी दरसाल त्याच वाड्यात उतरते. यजमान आणि वारकरी यांचा संबंध तीन-तीन पिढ्यांचा असतो आणि त्याचा कागद कोठेही नसतो.

आमच्या वाड्यात मराठवाड्यातील एक दिंडी माझ्या आजोबांच्या काळापासून उतरते. गेल्या वर्षी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन मंडळी परत निघाली तेव्हा त्यांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ मागे रेंगाळले. दारावर अधिकाऱ्यांनी मोजणीची खूण केली आहे का, हे त्यांनी चष्मा सावरीत नीट पाहून घेतले. मग म्हणाले, "बुवा, पुढच्या साली आम्ही उतरावं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. "या तर खरे, माउली," एवढेच मी म्हणालो. त्यांनी आपले मोठे पातेले आणि दोन परळ्या घासूनपुसून दरसालप्रमाणे माझ्या माळ्यावर ठेवल्या. त्या अजून तेथेच आहेत.