सुराबायाची मराठा पलटण आणि सोडून गेलेले शिपाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लष्करातून निघून गेलेल्या शिपायाला आपण बहुधा ‘पळपुटा’ म्हणून मोकळे होतो. जिवाच्या भीतीनं पळाला तोही पळपुटा, आणि हे युद्ध अन्यायाचं आहे, यात माझा हात नको, असं वाटून ज्यानं बंदूक खाली ठेवली तोही पळपुटाच. कायदासुद्धा हा फरक करत नाही. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्याच्या ३८व्या कलमानुसार मोहिमेवर असताना पलटण सोडून जाणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. तो का गेला, याची विचारपूस त्या कलमात नाही. मात्र त्याच कायद्याच्या ४१व्या कलमात वरिष्ठांचा हुकूम मोडण्याच्या गुन्ह्याची व्याख्या करताना ‘कायदेशीर’ हुकूम असा शब्द घातलेला आहे. म्हणजे हुकूम बेकायदेशीरही असू शकतो, एवढं कायद्याला मान्य आहे. पण सगळं युद्धच चुकीचं असेल तर काय करायचं?

हा प्रश्न मराठी शिपायांपुढे १९४५ च्या ऑक्टोबरात, घरापासून हजारो मैलांवर, जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात उभा राहिला. आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपाननं शरणागती पत्करली आणि १७ ऑगस्टला सुकार्नो व हट्टा यांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याआधी तिथं डचांचं राज्य होतं, आणि डचांना ते परत हवं होतं. पण त्यांच्याजवळ त्या वेळी पुरेसं सैन्य नव्हतं. तेव्हा इंग्रजांनी आपलं सैन्य धाडलं, आणि इंग्रजांचं सैन्य म्हणजे मोठ्या प्रमाणावर हिंदी सैन्य. २५ ऑक्टोबरला ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९वी हिंदी ब्रिगेड सुराबायाला उतरली. चार हजारांच्या आसपास माणसं. त्यांत राजपुताना रायफल्सबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. हे शिपाई कोकणातले, घाटावरचे, बेळगावच्या केंद्रात कवायत शिकलेले. आपण इथं कुणाचं राज्य परत बसवायला आलो आहोत, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांना सांगितलेलं काम वेगळं होतं. जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची आणि छावण्यांत डांबलेल्या कैद्यांना, बायकामुलांना सोडवून सुखरूप बोटीवर पोहोचवायचं. हे काम खोटं नव्हतं, छावण्या खऱ्या होत्या आणि त्यातले हालही खरे होते. म्हणूनच शिपायाचा पेच अवघड होतो. अन्यायाची लढाई ‘अन्यायाची लढाई’ अशी पाटी लावून येत नाही. तिच्यात एखादं चांगलं काम मिसळलेलं असतं, आणि शिपायाला त्याच्या वाट्याचं तेवढंच दिसतं.

पण २७ तारखेला विमानातून पत्रकं पडली. लोकांनी हत्यारं खाली ठेवावीत, नाहीतर गोळी घालू, असा त्यांचा मतलब. दुसऱ्याच दिवशी सारं शहर उठलं आणि शहरभर तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली ब्रिगेड कापली जाऊ लागली. सुकार्नोंना विमानानं आणून तात्पुरता तह करावा लागला. ३० ऑक्टोबरला लाल पुलाजवळच्या ‘इंटरनॅशियो’ इमारतीत मराठा जवान अडकले होते आणि बाहेर जमाव होता. बोलणी करायला जे आत गेले त्यात कुंदन नावाचे सुराबायातलेच एक हिंदी व्यापारी होते. बोलणी चालू असताना गोळीबार सुरू झाला आणि त्या संध्याकाळी मॅलबी मारले गेले. पुढं १० नोव्हेंबरपासून इंग्रजांनी पाचवी हिंदी डिव्हिजन उतरवून बोटींवरच्या तोफा आणि विमानं शहरावर लावली. सुमारे तीन आठवडे ही लढाई चालली. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीरदिन म्हणून पाळतात.

त्याच महिन्यात, २० नोव्हेंबरला, न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला. ‘मला वरून हुकूम होता’ ही सबब गुन्ह्यातून सोडवणार नाही, हे तत्त्व त्या न्यायालयाच्या सनदेतच लिहिलेलं होतं, आणि सनद करणाऱ्यांत इंग्रज होते. तिकडे जर्मन सेनापतींना हे ऐकवलं जात असताना इकडे हिंदी शिपायाकडून मात्र बिनबोभाट हुकूमपालनाची अपेक्षा होती.

सगळ्यांनी ती पुरी केली नाही. जावा-सुमात्रातल्या त्या वर्षभरात काही शेकडा हिंदी शिपाई इंडोनेशियन बाजूला निघून गेले. सहाशे हा आकडा बहुधा दिला जातो. त्यात पंजाबी मुसलमान शिपाई जास्त होते, आणि धर्माचा धागा हे एक कारण होतंच. प्रेमात पडून गेलेले, कंटाळून गेलेले असेही त्यात असणार. माणसाचे हेतू गाळून-चाळून स्वच्छ मिळत नाहीत. पण स्वतःचा देश गुलाम असताना दुसऱ्याला गुलाम करायला आपण का मरायचं, हा सवाल त्या हवेत होता. पंडित नेहरू तोच सवाल इथं जाहीर सभांतून विचारत होते.

त्या सैन्याबरोबर पी. आर. एस. मणी नावाचे एक अधिकारी होते. लष्कराच्या जनसंपर्काचं काम ते करत. सुराबाया त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं त्यांनी लष्कराचा राजीनामा दिला आणि मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे बातमीदार म्हणून ते इंडोनेशियातून लिहू लागले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून घेतलेला स्वच्छ निर्णय, आणि कुणी त्यांना पळपुटा म्हटलं नाही. कारण ते अधिकारी होते. अधिकाऱ्याला राजीनामा देता येतो. शिपायाला मुदत भरेपर्यंत सुटका नाही. दोघांच्या मनात तोच विचार आला तरी एक जण अर्ज लिहितो आणि दुसऱ्याला रात्री कुंपण ओलांडावं लागतं. मला वाटतं, पळून जाण्याच्या नीतीची चर्चा करताना हा दाराचा आणि कुंपणाचा फरक आधी पाहावा.

गांधीजींचं मत या बाबतीत अनेकांना चकित करतं. २३ एप्रिल १९३० ला पेशावरला गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, अकरा वर्षांनी सुटले. सारा देश त्यांना वीर म्हणत असताना गांधीजी मात्र एका फ्रेंच पत्रकाराला म्हणाले की शपथ घेतलेल्या शिपायानं हुकूम मोडणं मला मान्य नाही. उद्या आमचं राज्य आलं तर तेच शिपाई आमचाही हुकूम मोडतील. १९४६ मध्ये नौसैनिकांनाही त्यांनी हेच विचारलं, की नोकरी अपमानाची वाटते तर नोकरीत राहता कशाला? गांधीजींचा मुद्दा हलका नाही. शस्त्रधारी माणसांनी कुठला हुकूम पाळायचा हे आपापलं ठरवायला घेतलं तर काय होतं, हे आपण शेजारच्या देशांत पाहिलेलं आहे. पण ‘सोडून जा’ या सल्ल्यात गृहीत धरलेलं आहे की दार उघडं आहे. शिपायाला ते बंद होतं. त्याला जाणं म्हणजेच गुन्हा होता.

त्या नौसैनिकांनी तिसराच मार्ग काढला. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या तळावर संप झाला. निमित्त निकृष्ट जेवणाचं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांचं. पण मागण्यांच्या यादीत पगार आणि जेवणाच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा, हीही मागणी होती. एकटं पळण्याऐवजी सगळ्यांनी उघडपणे ‘ही लढाई थांबवा’ म्हणायचं. संप ७८ जहाजांवर पसरला, वीस हजारांच्या आसपास नौसैनिक त्यात उतरले. कॅसल बॅरॅक्सभोवती तेव्हा मराठा शिपायांचा पहारा होता. त्यांनी आपल्याच माणसांवर गोळी चालवायला नकार दिला असं एक बाजू सांगते, सरकारी कागद तसं सांगत नाहीत. नंतर गोरे सैनिक आणले गेले, हे मात्र दोन्हीकडे आहे. गिरणगाव रस्त्यावर आलं, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. परळला कमल दोंदे या कार्यकर्तीचाही त्यात बळी गेला.

आमच्या जूचंद्रला दिवाळीच्या सुमारास रांगोळीतून माणसांची चित्रं उभी राहतात, ती पाहायला वसई-विरारहून आणि मुंबईहून लोक येतात. त्यात हुतात्मा जवान शोभून दिसतो, दिसायलाच हवा. कुंपण ओलांडून गेलेल्याचा चेहरा मात्र कुठं छापलेलाच नाही, तर रांगोळीवाल्यानं तो काढायचा कसा? आणि इंटरनॅशियो इमारतीत हुकमाप्रमाणे थांबलेला मराठा शिपाई तरी आपल्या आठवणीत कुठं आहे? तो भ्याला नाही, पळाला नाही, आणि ज्या युद्धात तो मेला ते त्याचं नव्हतं. राहिलेल्याला वीर आणि गेलेल्याला पळपुटा, किंवा याच्या बरोब्बर उलट ठरवणं घरात बसून सोपं आहे.

२३ फेब्रुवारीला वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून नौसैनिकांनी संप मागं घेतला. कुणावर सूड उगवला जाणार नाही, असं आश्वासन त्यांना होतं. तरी धरपकड झाली आणि शेकड्यांनी नोकरीतून काढले गेले. इंडोनेशियातलं हिंदी सैन्य १९४६ च्या नोव्हेंबर अखेरीस परतलं. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला, फाळणी होऊन नौदलाचेही दोन भाग झाले. काढून टाकलेल्या त्या नौसैनिकांना ना भारताच्या नौदलानं परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.