गुळाचा रंग आणि गुळाचा गुण

गेल्या हंगामांत आमच्या गुऱ्हाळांतील ढेपा तांबूस-काळसर उतरल्या. पेठेंत पिवळ्याधमक ढेपेस चढा भाव, आमच्या ढेपांस उतरता. पुढील काहिलींत हायड्रॉस पावडर टाकावी, असा सल्ला मिळाला. महसूल खात्यांत कागद पडताळण्याची आम्हांस जुनी संवय. तेव्हां प्रथम रंगाचा व गुणाचा संबंध तपासला.

सातारा जिल्ह्यांतून १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. परंतु दोन्हींकडे गूळ करण्याची रीत एकच. कारखान्यांत पाकांतून साखरेचे स्फटिक वेगळे काढतात. क्षार व इतर द्रव्यें उरलेल्या काळ्या, दाट द्रवाबरोबर निघून जातात. गुऱ्हाळांत मात्र आटलेला सर्व पाक वाफ्यांत ओततात. त्यामुळें शंभर भाग गुळांत सुमारें ६५ ते ८५ भाग ऊसशर्करा, १० ते १५ भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज आणि सुमारें एक भाग खनिज क्षार सांपडतात. त्यांत पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फरस व लोह असतें. लोह कांहीं अंशीं लोखंडी काहिलींतूनहि उतरतें. शिवाय उसाच्या रसांतील फिनॉल वर्गाचीं द्रव्यें राहतात व गुळाच्या गडद रंगांत त्यांचाहि वांटा असतो.

याचा अर्थ काळा गूळ तितका चांगला, असा मात्र नव्हे. करपलेला पाक व नीट न काढलेली मळी यांनींहि गूळ काळा होतो. पक्व ऊस, स्वच्छ काहील, भेंडीच्या चिकट रसानें काढलेली मळी व बेताची आंच, हे रंग उजळण्याचे सरळ मार्ग होत. हायड्रॉसनें रंग उडतो खरा, पण गंधकाचा अंश गुळांत राहतो. सल्फर डायऑक्साइडास किलोमागें ७० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्यानें घातली आहे. आणि साठवणींत असा गूळ पुनः काळवंडतो, तेव्हां हा व्यवहार आतबट्ट्याचाच.

गुळास औषधहि समजूं नये. मुख्यत्वें ती शर्कराच असल्यानें मधुमेह्यानें त्यास साखरेप्रमाणेंच जपावें.

आम्हीं पावडर टाकली नाहीं. शेतकरी बंधूंनीं गुळाचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा आणि तो दाखला ढेपेसोबत गिऱ्हाइकापुढें ठेवावा, ही आमची विनंति आहे. रंग डोळ्यांस दिसतो. गुण मात्र आपणच दाखवून द्यावा लागतो.