महासाथीची तयारी: तिजोरीत किती, कारभारात किती

महासाथीला तोंड देण्याची देशांची तयारी मोजण्याचा एक मोठा प्रयत्न ऑक्टोबर 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स’ या निर्देशांकाने 195 देशांची क्रमवारी लावली. पहिली अमेरिका, दुसरा ब्रिटन. काही महिन्यांतच कोविड आला आणि पुढे अमेरिकेत दहा लाखांहून अधिक, ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. यादीत पन्नासाव्या असलेल्या व्हिएतनाममध्ये पहिला मृत्यू नोंदला गेला तो थेट 31 जुलै 2020 रोजी. प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि कायदे यांची मोजदाद झाली होती. सत्ताधारी त्यांचा वेळेवर उपयोग करतील का, हे मात्र त्यातून कळले नाही.

म्हणून पैसा गौण ठरतो असे नाही. लायबेरियात 2003 पर्यंत चाललेल्या यादवीने आरोग्यव्यवस्था पार मोडली होती. 2014 मध्ये इबोला पसरला, तेव्हा सुमारे 40 लाख लोकांमागे डॉक्टर होते जेमतेम पन्नासच्या आसपास. त्यात सरकारवर भरवसा नाही; परदेशी मदत लाटण्यासाठीच हे थोतांड उठवले आहे, असे अनेकांना वाटत होते. ऑगस्टमध्ये राजधानी मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट ही झोपडपट्टी सैनिकांनी वेढली, दंगल उसळली, गोळीबारात एका मुलाचा जीव गेला आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुण्याला हा अनुभव जुना आहे: 1897 च्या प्लेगमध्ये गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या सुरू केल्यावर लोक रोगी लपवू लागले होते.

त्याच 2014 च्या जुलैमध्ये लायबेरियाहून एक रुग्ण विमानाने लागोसला उतरला. नायजेरियाही काही श्रीमंत किंवा स्वच्छ कारभारासाठी नावाजलेला देश नव्हे. पण पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा तिथे रोज काम करत होती, आणि तिच्यातली अनुभवी माणसे लगेच इबोलाच्या कामाला लावता आली. संपर्कात आलेल्या सुमारे 900 जणांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवले गेले. 20 रुग्ण आणि 8 मृत्यूंवर साथ थांबली. 20 ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

अशी यंत्रणा शांततेच्या काळात पोसणे राजकारण्यांना नकोसे वाटते. उड्डाणपुलाचे उद्घाटन करता येते, न आलेल्या साथीचे कसे करणार? दक्षिण कोरियाला जाग आली ती 2015 मध्ये मर्सने 38 बळी घेतल्यावर. त्यानंतर तिथे चाचणी संचांना आणीबाणीत झटपट मंजुरी देण्याची सोय झाली आणि 2020 च्या सुरुवातीलाच ती कामी आली.

अर्थकारण घराच्या पातळीवरही आडवे येते. हातावर पोट असलेल्या माणसाला ‘घरीच थांबा’ हा आदेश पाळणे परवडत नाही. मार्च 2020 नंतर मुंबई-सुरतहून पायी निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले.

आणि साथ लवकर कळवणाऱ्यालाच भुर्दंड बसतो. 1994 मध्ये सुरतेतील प्लेगचे बळी पन्नासच्या आसपास होते, तरी परदेशी विमाने थांबली, भारतीय माल अडवला गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगाला दिली. बदल्यात दोन-तीन दिवसांत प्रवासबंदी मिळाली. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्यांनी महासाथ करार स्वीकारला. जंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना लशींचा वाटा कसा मिळावा, हा त्यातला सर्वांत वादाचा भाग मात्र पुढच्या वाटाघाटींवर ढकलला गेला.