होम रन कुठे मारला, ते आधी सांगा!

29 सप्टेंबर 1954. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. अमेरिकन बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजची पहिलीच मॅच, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध क्लीव्हलँड इंडियन्स, स्कोअर 2-2. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडच्या व्हिक वर्ट्झने बॉल असा हाणला की तो चारशे फुटांच्याही पुढे गेला. दुसऱ्या बहुतेक मैदानांवर तो होम रनच. पण इथे समोरची भिंत होती जवळजवळ 480 फुटांवर. विली मेज प्लेटकडे पाठ करून धावत सुटला आणि डोक्यावरून येणारा बॉल त्याने पळता पळताच झेलला. वर्ट्झ आउट!

दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजवीकडे एक फटका मारला. जेमतेम 260 फूट. पण त्या कोपऱ्यातली भिंत होतीच 258 फुटांवर. होम रन, तीन रन, 5-2, मॅच खिशात.

आता नुसतं स्कोअरकार्ड वाचा. ऱ्होड्स हिरो, वर्ट्झ आउट. कोणाचा बॉल किती लांब गेला, याचा त्यात पत्ताच नाही.

बेसबॉलची गंमत अशी की आतलं सगळं इंचाइंचाने मोजलेलं. दोन बेसमध्ये 90 फूट, पिचरपासून होम प्लेट 60 फूट 6 इंच. बाहेरची भिंत मात्र जागा मिळेल तशी. जुनी मैदानं शहराच्या मधोमध, रस्ते आणि रेल्वे चुकवत बांधलेली. बॉस्टनच्या फेनवे पार्कचंच बघा. 1912 पासूनचं हे मैदान, डाव्या बाजूला रस्ता आडवा येतो, म्हणून तिथली भिंत प्लेटपासून फक्त 310 फुटांवर. जागेची भरपाई उंचीने केलीय, ती भिंत 37 फूट उंच! लोक तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणतात. दुसरीकडे आरामात कॅच झाला असता असा उंच बॉल इथे भिंतीला लागून डबल होतो. आणि दुसरीकडे सरळ बाहेर गेला असता असा कडक, सपाट फटकाही भिंतीवर आपटून डबलच होतो. आपल्या क्रिकेटमध्येही बाउंड्री लहानमोठी असतेच, पण हे प्रकरण फारच पुढचं.

ठीक आहे, एखाद्या मॅचचं नशीब म्हणून सोडून देऊ. पण अख्ख्या करिअरचं काय?

जायंट्सचा मेल ऑट, डावखुरा बॅटर, 511 होम रन. यँकीजचा जो डिमॅजिओ, उजखुरा, 361 होम रन. कट्ट्यावरचा वाद इथेच संपायला हवा. पण ऑटच्या 511 पैकी 323 होम रन घरच्या मैदानावरचे आहेत, म्हणजे बहुतेक सगळे पोलो ग्राउंड्सच्या त्या जवळच्या भिंतीच्या कृपेने. बाहेर त्याचे 188. डिमॅजिओचे घरी 148 आणि बाहेर 213! तेही ऑटच्या 22 सीझनसमोर फक्त 13 सीझन खेळून. कारण यँकी स्टेडियमची उजवी भिंत जवळ होती, डावखुऱ्यांच्या सोयीची. डिमॅजिओचे फटके जायचे त्या डाव्या-मधल्या भागात भिंत साडेचारशे फुटांच्याही पलीकडे होती. त्या भागाला नावच पडलं होतं ‘डेथ व्हॅली’.

म्हणून ऑट नकली ठरतो का? मला नाही तसं वाटत. भिंत जवळ आहे हे ओळखून तिकडेच मारत राहणं हेही कौशल्यच, आणि त्या होम रननी मॅचेस खरोखरच जिंकून दिल्या. फक्त 511 आणि 361 एका तराजूत टाकता येत नाहीत, एवढंच.

यावर उपाय म्हणून ‘पार्क फॅक्टर’ आला. एखाद्या टीमच्या घरच्या मॅचेसमध्ये दोन्ही टीम मिळून सरासरी किती रन होतात ते काढायचं, त्याच टीमच्या बाहेरच्या मॅचेसमध्ये किती होतात तेही काढायचं, मग भागाकार करून शंभरने गुणायचं. 100 आलं तर मैदान सरासरी. जास्त आलं तर बॅटरची चैन, कमी आलं तर पिचरची. दोन्ही टीमचे रन का? फक्त यजमानांचे घेतले तर त्यांच्या बॅटरची ताकद आणि मैदानाची मेहेरबानी यांची खिचडी होते. स्टॅट्सच्या पेपरला ‘कन्फाउंडिंग’ घोकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

या गणितात सगळ्यात बदनाम मैदान म्हणजे डेन्व्हरचं कूर्स फील्ड. समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंच. हवा विरळ, त्यामुळे बॉल लांब जातो आणि पिचरचा कर्व्हबॉल नीट वळतच नाही. होम रनचा पाऊस पडू नये म्हणून भिंती लांब बांधल्या, तर आउटफिल्ड इतकं पसरलं की फील्डरच्या मधल्या मोकळ्या जागांत डबल-ट्रिपल पडायला लागले. 2002 पासून बॉल दमट हवेच्या खोलीत ठेवतात, कारण कोरडा बॉल जास्त उसळतो. तरी कूर्स ते कूर्सच.

याचा फटका बसला लॅरी वॉकरला. कूर्सवर त्याची बॅटिंग सरासरी होती .381. रिटायर झाल्यावर हॉल ऑफ फेमसाठी 2011 मध्ये पहिल्यांदा नाव आलं, तर मतं 20.3 टक्के. लागतात 75. 2014 मध्ये ती 10.2 वर घसरली. ‘ती कूर्सची कमाई’ हा शिक्का बसलेला. पार्क फॅक्टर लावूनही त्याचे आकडे मोठे दिसतात, हे मात्र मतदारांपर्यंत पोहोचायला वर्षं लागली. तो एमव्हीपी झाला त्या 1997 च्या सीझनमध्ये त्याने 49 होम रन मारले. त्यातले घरी 20 आणि बाहेर 29.

मतपत्रिकेवर नाव राहतं फक्त दहा वर्षं. दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, 2020 मध्ये, वॉकरला 76.6 टक्के मतं पडली. हवी होती त्यापेक्षा सहा जास्त.